वाट तिची आहे

३१ डिसेंबर २०२४ रोजी, नागपूरच्या पलीकडे असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूस, एक वाघीण आपली पाच पिले घेऊन निघाली होती. तिची ओळख ‘एफ-२’ अशी. पर्यटकांच्या जिप्सी गाड्या दोन्ही बाजूंनी आल्या आणि ती माता पिलांसह मधोमध कोंडली गेली. त्या प्रसंगाची चित्रफीत घरोघर पाहिली गेली. चालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली. हे योग्यच झाले. परंतु गाडीत बसणाऱ्यांचे काय? ‘अहो, थोडी आणखी पुढे घ्या’ असा आग्रह एरवी कोण धरतो? आपणच ना!

वाघीण सुमारे दोन वर्षे पिलांना सांभाळते. शिकारीस जाताना ती त्यांना झुडपांत दडवून ठेवते. वाट अडली आणि पिले भेदरून पांगली, तर त्यांना पुन्हा गोळा करणे तिच्याच कपाळी येते.

दूर मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सान इग्नासिओ नावाची उथळ खाडी आहे. हिवाळ्यात तेथे करडे देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी येतात. (देवमासा हा मासा नव्हे, हे आपण शास्त्राच्या तासाला शिकलोच आहोत.) एकोणिसाव्या शतकात त्या किनाऱ्यावरील खाड्यांत शिकाऱ्यांनी त्यांची कत्तल मांडली होती. पिलासाठी चवताळून होड्या फोडणाऱ्या त्या मातांना शिकाऱ्यांनी नाव दिले ‘सैतान मासा’! आज त्याच जातीची माता पिलाला घेऊन पाहणाऱ्यांच्या होडीपाशी आपण होऊन येते, माणसाच्या हाताचा स्पर्शही सोसते. तेथे एका वेळी ठराविकच होड्यांना परवानगी असते व खाडीचा काही भाग पर्यटकांना बंद असतो. जवळ यावे की नाही, हे ती माता ठरवते, नावाडी नव्हे.

आपल्या सावरगावकरांना पेंचचे अरण्य काही परके नाही. तेथील ‘कॉलरवाली’ वाघिणीने आठ वेतांत २९ पिलांना जन्म दिला; जानेवारी २०२२ मध्ये ती गेली. तिच्या वंशातील एखादी आई उद्या आपल्याही गाडीपुढे येईल. सहलीस जाणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती, की पिले दिसताच गाडी थांबवण्यास, प्रसंगी मागे घेण्यास, चालकाला आपणच सांगावे. छायाचित्र धूसर येईल. दुसरी गाडी पुढे निघून जाईल व तिच्यातले लोक आपल्याला भित्रे म्हणतील. म्हणोत बापडे.