अंगठ्याची हुशारी आणि पायांचा तोल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. ओल्या चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होतो. वाट लहानपणापासून पायाखालची. तरीही मध्येच तोल गेला आणि मी भाऱ्यासकट खालच्या वाफ्यात जाऊन बसलो. अण्णा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "रात्र रात्र मोबाईलवर खेळतोस, त्यानं डोकं तल्लख होतं म्हणतोस. मग ते डोकं परीक्षेच्या वेळी कुठं जातं? आणि हे पाय कुठं गेले?"

मित्रहो, मी निरुत्तर झालो. कारण मी अपराधी होतो. वसतिगृहातील आम्ही चौघे 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' खेळतो, स्पर्धांतही उतरतो. ई-स्पोर्ट्सचा समावेश जिमखान्यात व्हावा असा अर्ज आम्ही केला आहे. त्या अर्जात एक वाक्य आहे : "या खेळाने विचारशक्ती व शरीराचा समन्वय वाढतो." हे वाक्य माझे. ते कितपत खरे आहे, हे मी लिहिताना तपासले नव्हते.

'हा कसला खेळ?' असे आमच्या काही प्राध्यापकांचे मत आहे. त्यांना मी नम्रपणे सांगेन की तो प्रश्न आता मागे पडला. जाकार्ता येथील 2018 च्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. 2023 साली हांगचौ येथे त्यांना पदके मिळाली. भारत सरकारने डिसेंबर 2022 मध्ये त्यांना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपासून त्यांना वेगळे काढले. तेव्हा खेळ आहे, हे खरे. पण त्याने काय वाढते?

2003 साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. असे खेळ न खेळणाऱ्या काहींना त्यांनी रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस धावपळीचा युद्धखेळ खेळायला लावला, तर इतरांना 'टेट्रिस'. युद्धखेळ खेळलेल्यांचे दृष्टीचे अवधान अधिक सुधारले : कोपऱ्यातली वस्तू टिपणे, एकामागून एक येणाऱ्या खुणा न चुकवणे. पुढे काही संशोधकांना इतका ठळक परिणाम आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी अवधानाच्या बाबतीत आमची बाजू अगदीच लंगडी नाही.

परंतु अवधान म्हणजे विचार नव्हे. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेला अभ्यास मला येथे आठवतो. खऱ्या डावातील मांडणी काही क्षण दाखवली की निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडत. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्यांची आघाडी बहुतांशी नाहीशी होई. म्हणजे वाढली होती ती स्मरणशक्ती नव्हे, बुद्धिबळाची जाण. आमचेही तेच. झुडपामागचा शत्रू मला अर्ध्या क्षणात दिसतो. अर्थशास्त्राच्या उताऱ्यातील चुकीचा युक्तिवाद मात्र दिसत नाही. अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे.

दुसरा प्रश्न पायांचा. शरीराचा तोल तीन साक्षीदारांवर चालतो : डोळे, स्नायू व सांध्यांतून येणारी जाणीव, आणि कानाच्या आतला भाग. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके वळल्याची खबर देतात. शेजारच्या दोन पिशव्या सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाची दिशा सांगतात. खेळताना पडद्यावर मी धावतो, उड्या मारतो; कान मात्र सांगत असतो की हा इसम खाटेवर बसला आहे! एका साक्षीदारालाच काम, बाकीचे दोघे रिकामे. मग तोल सुधारावा कसा? ज्या खेळांत फळीवर उभे राहून अंग झुकवावे लागते, त्यांची गोष्ट वेगळी. फिजिओथेरपीत त्यांचा उपयोग केला जातो.

एका रात्री आम्ही डोळे मिटून एका पायावर उभे राहून पाहिले. आमच्यापैकी एकही वीस आकड्यांपर्यंत टिकला नाही. शेजारच्या खोलीतील खो-खोपटू साठ मोजून झाले तरी उभाच. पाच जणांवरून सिद्धांत निघत नाही, हे मला समजते. पण लाज वाटायला पाच जण पुरेसे होतात.

म्हणून माझे मत असे : जिमखान्याने ई-स्पोर्ट्स घ्यावेत. त्यात चौघांनी एकमेकांवर विसंबून क्षणात निर्णय घेण्याचा निखळ आनंद आहे, आणि खेळाला तेवढे कारण पुरे. खो-खो खेळणाऱ्याला आपण कधी विचारतो का, की त्याने तुझे व्याकरण सुधारले का? पण न मिळणाऱ्या गुणांची जाहिरात आम्ही करू नये. आणि संघात यायचे त्याने सायंकाळी अर्धा तास मैदानावर यावे. लंगडी घालावी, धावावे, पडावे.

अर्जाची नवी प्रत मी तयार केली आहे. ते वाक्य त्यात नाही. इतर तिघांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत; ते वाक्य गेल्यावर अर्जात उरले काय, असे ते विचारतात.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, कला