खोडून काढलेला ८०

मागच्या जानेवारीतली गोष्ट. इयत्ता चौथीचा वर्ग, परिसर अभ्यासाचा तास. शाळेच्या पुस्तकपेटीत सूर्य आणि सावलीवरचं एक छान रंगीत पुस्तक आहे. ते मी वर्गात वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय तसंच: दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली सगळ्यांत लहान होते.

वाचून झाल्यावर मुलांना मैदानात नेलं. एक सरळ काठी जमिनीवर एक मीटर राहील अशी रोवली. एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात, तो घरून ओळंबा घेऊन आला होता. काठी सरळ आहे की नाही ते त्यानेच तपासलं. मग दर तासाला सावली मोजायची असं ठरलं. मुलांनी लिहिलेले आकडे असे होते: दहाला १४७ सेंटीमीटर, अकराला १०५, बाराला ८४, एकला ८०, दोनला ९२.

एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "बाई, एकची सावली बारीक आली. बाराची मोठीये."

तेव्हा माझ्या डोक्यात पोषण आहाराची भांडी, दुसऱ्या वर्गाचा गोंधळ आणि दुपारी पाठवायची माहिती होती. मी म्हटलं, "मोजताना चुकलं असेल गं. खिचडी खाता खाता कोणाचा तरी धक्का लागला असेल काठीला. पुस्तकात बघ बरं काय दिलंय."

तिने पुस्तकात बघितलं, जागेवर गेली आणि खोडरबर काढलं. संध्याकाळी वह्या तपासताना तिच्या वहीत एकच्या रकान्यात ८६ लिहिलेलं दिसलं. खाली खोडलेला ८० अजून पुसट दिसत होता. खोडून खोडून कागद तिथे पातळ झाला होता.

बाकीच्या वह्या उघडल्या. जवळजवळ सगळ्यांचा एकचा आकडा बाराच्या आकड्यापेक्षा लहान होता. म्हणजे मोजण्यात कोणाचीच चूक नव्हती, चूक माझी होती. मुलांना मोजायला मी लावलं आणि मोजलेलं खरं धरायची वेळ आली तेव्हा पुस्तकाकडे बोट दाखवलं.

बारा कुणाचे?

हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतं. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. आमची शाळा पुणे जिल्ह्यात, साधारण ७४ अंशांवर. म्हणजे साडेआठ अंशांचा फरक, आणि त्याची झाली ३४ मिनिटं. शिवाय पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्याची मध्यान्ह वर्षभरात घड्याळाच्या मागेपुढे होत राहते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती आणखी ११ मिनिटं उशिरा असते. एकूण ४५ मिनिटं. आमच्या गावात त्या दिवशी खरी दुपार पावणेएकला झाली होती!

'बरोबर डोक्यावर' हेही अर्धवटच. पुण्यात सूर्य थेट डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. दिल्लीत तर तो कधीच डोक्यावर येत नाही. एक मीटरच्या काठीची जानेवारीतली सगळ्यांत लहान सावलीसुद्धा ७९-८० सेंटीमीटर असते, तर सूर्य डोक्यावर कसा असेल?

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गाला सांगितलं की काल बाईंचं चुकलं. मग बारा ते सव्वाएक दर पंधरा मिनिटांनी मोजलं. ८४, ८१, ८०, ७९, ८०, ८१. पावणेएकच्या सावलीवर चुन्याची रेघ मारली. ती रेघ बरोबर उत्तर-दक्षिण आहे. आता मुलं खेळतानाही तिच्यावरून दिशा सांगतात.

पुस्तक एकीकडे, उपक्रम दुसरीकडे

हा प्रसंग सांगायचं कारण म्हणजे आपल्या शाळांमध्ये माहितीपर पुस्तकं आणि कृती या दोन्ही गोष्टी आहेत, पण त्या एकमेकींना भेटत नाहीत.

पुस्तक कशासाठी? तर वाचायचं, पाच वाक्यं वहीत उतरवायची, प्रकल्पासाठी चित्र काढायचं. उपक्रम कशासाठी? तर करायचा, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मीही हे केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

ज्वालामुखीचंच घ्या. मातीचा डोंगर करायचा, त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकायचं, लाल फेस वर आला की टाळ्या. मुलांना मजा येते, पण त्यातून ज्वालामुखीबद्दल काय कळतं? सोडा आणि आम्ल एकत्र आले की फेस येतो एवढंच. आणि मुलं उभी असतात कशावर? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर बसत गेले. पुस्तकातल्या टोकदार डोंगराचं चित्र उघडं ठेवा आणि मुलांना ओढ्यातले दगड आणायला सांगा. कुणाच्या दगडात भोकं असतील, कुणाच्या भोकांत पांढरे खडे भरलेले असतील. "ही भोकं कशाची?" एवढंच विचारा. वितळलेल्या खडकात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती जागा असते. मग मुलं स्वतःच पुस्तक उलटंपालटं करून विचारतात, "बाई, आपला डोंगर असा टोकदार का नाय?" मला हवा असलेला प्रश्न हाच.

माझं म्हणणं एवढंच आहे: पुस्तक आणि वस्तू एकाच वेळी मुलांसमोर असावी, आणि दोघांनी एकमेकांना तपासावं.

याचा अर्थ पुस्तकं चुकीची आणि हाताने केलेलंच खरं, असा नाही. आमच्या सावलीच्या आकड्यांवरून मुलांना 'एकची सावली लहान' एवढंच कळलं असतं. का लहान, हे नुसत्या काठीने कधीच सांगितलं नसतं. रेखावृत्तं कळायला पुन्हा पुस्तकाकडेच जावं लागलं, नकाशा काढावा लागला. पण या वेळी मुलं स्वतःचा प्रश्न घेऊन गेली. नागपूरची मध्यान्ह आपल्या आधी साधारण २१ मिनिटं होते हे त्यांनी स्वतः गुणाकार करून काढलं. गुणाकाराचा इतका चांगला सराव मला एरवी घेता आला नसता.

हा विचार नवा नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. ती मुलांनी आपल्या निरीक्षणातून काढायची. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवलं आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली. म्हणजे पैसे नाहीत ही अडचण बरीचशी सुटलेली आहे.

माझ्यापुरते चार नियम

१. आधी अंदाज. "सावली कधी सगळ्यांत लहान होईल?" प्रत्येकाने लिहायचं. चुकला तरी तो खोडायचा नाही.

२. मग कृती, आणि पुस्तक नंतर. पुस्तक आधी वाचलं की मुलं त्यातलं उत्तर यावं म्हणूनच मोजतात.

३. पुस्तक आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्या गटाने मोजायचं. तरीही तेच आलं तर 'का?' म्हणून शोधायचं.

४. वहीत खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला नवा आकडा.

"पण वेळ कुठाय?"

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो खराच आहे. चाचण्या, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. म्हणून मी सगळे पाठ असे घेत नाही. सत्रात दोन विषय निवडते आणि ते निवांत करते. सावलीला दोन दिवस गेले, पण दिशा, नकाशा, मापन आणि वेळ हे चारही घटक त्यात आले. चार वेगवेगळे पाठ घेतले असते तर जास्त वेळ गेला असता.

पालकांना एक विनंती. मुलाने घरी पुस्तक आणलं की "किती पानं वाचलीस?" असं विचारू नका. "यातलं आपल्या घरात करून बघता येईल असं काय आहे?" असं विचारा. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, शून्य सावलीचा दिवस तेव्हा तुमच्याच अंगणात येतो. एक बादली उलटी ठेवा आणि मुलासोबत बघत बसा. तुम्हाला कारण माहीत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. मोठ्यांनाही माहीत नसतं, हे मुलांना कळू द्या.

आणि ते पुस्तक? ते आम्ही पेटीतच ठेवलंय. त्या पानावर मुलांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. चिठ्ठी लिहिली त्याच मुलीने: "आमच्या गावात जानेवारीत सर्वात लहान सावली पावणेएक वाजता पडते. आम्ही दोनदा मोजले आहे. तुम्ही पण मोजा." यंदाच्या चौथीने ती चिठ्ठी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच वाचली आणि काठी रोवली. त्यांची सगळ्यांत लहान सावली साधारण सव्वाबाराच्या सुमारास आली. आता ते म्हणतायत, मागच्या वर्षीच्या मुलांचं चुकलंय.

मी अजून काहीच सांगितलेलं नाही. जानेवारीत पुन्हा काठी रोवायची ठरली आहे.