जाणाऱ्याची किल्ली

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्याची खरी दौलत केवळ यंत्रांत नसते. गिऱ्हाइकांची नावे, मालाचे दर, साच्यांचे आराखडे हीच ती दौलत; आणि आता ती वहीत नव्हे, संगणकात असते. नोकरी सोडणारा कारकून ती बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये भरून नेऊ शकतो. आयुष्यभर घाम गाळून जमविलेला धंदा असा एका दुपारीत परहस्ते जावा, ही मालकाची भीती निराधार नव्हे.

परंतु या भीतीपायी राजीनामा देणाऱ्या प्रत्येकास चोर समजणे, त्याचा शेवटचा पगार अडविणे, अन्यत्र नोकरी न करण्याचे वचन लिहून घेणे, हा उपाय नव्हे. सुक्याबरोबर ओलेही जळावे, असा हा न्याय झाला.

प्रश्न नवा नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातील एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तेथे ते काम करण्यास असलेली मनाई १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मात्र नोकरी संपल्यावरही वाट अडविणारी अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. हातातले कसब कामगाराचे, कपाटातील कागद मालकाचे, हीच खरी सीमारेषा होय. ती ओलांडून संगणकातील माहिती अप्रामाणिकपणे उचलणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तथापि चोरीनंतरची फिर्याद म्हणजे वरातीमागून घोडे. साऱ्या कचेरीस एकच पासवर्ड वाटून देणाऱ्या मालकाने मागाहून कोणास बोल लावावा? ज्याला कामापुरते जेवढे लागते, तेवढेच त्याच्यापुढे उघडावे. गिऱ्हाइकांशी व्यवहार नोकराच्या खासगी फोनवरून होऊ देऊ नये. निरोपाच्या दिवशीच त्याचे पासवर्ड बंद करावेत, संगणक व कागद पावती देऊन परत घ्यावेत.

आणि पगार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत तो चुकता करण्याचे बंधन घातले आहे. मिरा-भाईंदरच्या उद्योजकांनी ते ओझे मानू नये. हिशेब बुडालेला नोकर रागाने जातो, आणि राग हा चोरीचा जवळचा सोबती आहे. किल्ली त्याच दिवशी परत घ्यावी. माणसास मात्र सन्मानाने निरोप द्यावा.