नकार द्यायचा तर वेळेवर द्या!



मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय आपल्याच इंदूर शहरात आहे, आणि त्याच्या परीक्षांसाठी हजारो मुलंमुली भंवरकुआच्या क्लासांत, भाड्याच्या खोल्यांत, महिन्याचे पैसे भरून मिळणाऱ्या लायब्रऱ्यांत ऐन उमेदीची वर्षं घालवत आहेत. राज्यसेवा २०१९ची पूर्वपरीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली. अंतिम निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, तोही फक्त ८७ टक्के पदांचा. उरलेल्या १३ टक्क्यांचा आरक्षणाच्या वादापायी रोखला गेला. बाविसाव्या वर्षी पहिला पेपर दिलेली मुलगी निकालापर्यंत सव्विशीला टेकली. तिची निवड झाली नसेल, तर ती चार वर्षं तिला कोण भरून देणार?

प्रकरण न्यायालयात होतं, आयोग काय करणार, असं सांगितलं जातं. पण इतर मागासवर्गीयांचं आरक्षण १४ वरून २७ टक्के करण्याचा निर्णय २०१९चा, आणि तो त्याच वर्षी न्यायालयात पोचला होता. आरक्षण किती असावं, हा आमच्या पत्रकाचा विषयच नाही. वाद समोर दिसत असताना त्याचा निकाल लावण्याआधी परीक्षा घेतली गेली आणि त्याची किंमत सगळ्याच प्रवर्गांच्या मुलांनी मोजली, एवढंच आमचं म्हणणं.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: जागा मूठभर, मग पीथमपूरच्या कारखान्यात किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत का जात नाही? आक्षेप रास्त आहे, आणि आमची मागणी नेमकी त्यातूनच निघते. बहुतेकांना नकारच मिळणार. तो वर्षभरात मिळाला तर तेविशीत दुसरी वाट धरता येते. चार वर्षांनी मिळाला तर तो मुलगा कारखान्याला हवा असलेला नवा उमेदवार राहत नाही आणि अनुभवीही ठरत नाही. गणवेश नसलेल्या पदांसाठी चाळिशीपर्यंत अर्ज करायची मुभा आहे. वयाची ही सवलत वेळापत्रकाशिवाय दिली, की ताटकळणंच तेवढं लांबतं.

केंद्रीय लोकसेवा आयोग तारखा आधी जाहीर करून साधारण वर्षभरात निकाल लावतो. मग इथे का जमू नये? डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या दारात कडाक्याच्या थंडीत बसलेल्या मुलांनी मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवा, असंही म्हटलं होतं. आपण कुठे कमी पडलो हे कळल्याशिवाय थांबायचं की पुन्हा बसायचं, हे मुलानं ठरवायचं कशावर? म्हणून पूर्वपरीक्षेपासून अंतिम निकालापर्यंत बारा महिन्यांची मुदत कायद्यानं बांधा, आरक्षणाचं प्रमाण जाहिरातीपूर्वी पक्कं करा आणि तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्येकाच्या हाती द्या.