नऊ तासांचे बालपण

पाळण्यातल्या मुलाकडे पाहून त्याचे भविष्य वर्तवण्याची हौस कोणत्या घरात नसते? आजोबा म्हणतात, हा पेढी सांभाळणार. आत्या म्हणते, हा डॉक्टर होणार. आणि मूल मोठे होऊन तिसरेच काही करते, तेव्हा सगळे मिळून हसतात. परंतु एखाद्या घरात हे बोलणे थट्टेत राहत नाही.

योसेफ स्लेन्चिन्स्की हा मूळचा पोलंडचा, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला व्हायोलिनवादक. स्वतःच्या वादनाने त्याला जगात नाव मिळाले नव्हते. १५ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो या गावी त्याला मुलगी झाली. काही तासांच्या त्या अर्भकाचे हात त्याने निरखले आणि ही मुलगी थोर वादक होणार, असे ठरवून टाकले. तिचे नाव रूथ. पुढची पंधरा वर्षे ह्या निर्णयावर तिचे मत कोणी विचारले नाही.

बोलू-चालू लागते न लागते तोच रूथ पियानोपुढे बसली. चौथ्या वर्षी ओकलंड येथे तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. सहाव्या वर्षी बर्लिन, सातव्या वर्षी पॅरिसमध्ये पूर्ण वाद्यवृंदासह वादन, आणि १९३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, न्यूयॉर्क. तिथल्या समीक्षकांना शब्द अपुरे पडले. मोझार्टनंतर असे मूल झाले नाही, इथपर्यंत स्तुती गेली. सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांना जे दिसत नव्हते ते घरात घडत होते. पहाटे उठवले जाई, आणि दिवसाला नऊ तास सराव, आठवड्याचे सातही दिवस. शाळा नाही, सवंगडी नाहीत, सुट्टी नाही. एक सूर चुकला की बाप पुढे वाकून, तोंडातून एक शब्दही न काढता, तिच्या गालावर चापट मारी. दुसरा चुकला की दुसरी.

त्या निःशब्दतेपाशी थोडे थांबले पाहिजे. संतापाच्या भरात हात उचललेल्या माणसाला मागाहून स्वतःची लाज वाटते. रात्री तो झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो. योसेफचे मारणे तसे नव्हते. ते शिस्तशीर होते, जणू तालमात्रेचाच एक भाग. त्याच्या लेखी तो क्रूरपणा नव्हताच, ते शिक्षण होते. अशा बापापुढे मूल रडूही शकत नाही, कारण रडण्यात वेळ गेला तर नऊ तासांचा हिशेब चुकतो.

व्यापारी घरात वाढलेल्यांना एक गोष्ट लहानपणीच समजते: भांडवल एकाचे आणि खाते दुसऱ्याच्या नावावर, असा व्यवहार फार काळ टिकत नाही. इथे भांडवल होते एका मुलीचे बालपण, आणि जमेच्या बाजूला नाव लागत होते बापाचे. ‘मी हिला घडवले’ हे वाक्य ऐकायला साधे वाटते. ज्याच्याविषयी ते बोलले जाते, त्याच्या वाट्याला त्यातले किती उरते, हे मात्र कोणी मोजत नाही.

ह्या अंधारात काही खिडक्या होत्या, हेही नमूद करायला हवे. आल्फ्रेड कॉर्तो, आर्टूर श्नाबेल, एगॉन पेट्री यांसारख्या त्या काळच्या अग्रगण्य वादकांपाशी तिला शिकता आले. आणि पॅरिसमध्ये भेटले सर्गेई राख्मानिनॉफ. हे रशियन संगीतकार उंचपुरे, गंभीर चेहऱ्याचे. त्यांना पाहून मोठी माणसेही दबून जात. त्यांनी ह्या नऊ वर्षांच्या मुलीला स्वरातले रंग ऐकायला शिकवले. एकच स्वर उजळ कसा करावा, धूसर कसा करावा, हे ते तिला समजावून देत. चूक मोजणे एक आणि रंग शोधणे दुसरे. दोन्हींसाठी लागतात ती बोटे मात्र तीच. त्यांनी तिला एक गळ्यातली साखळी भेट दिली, तिला फाबेर्जेचे इवलेसे अंडे लटकवलेले होते.

पंधराव्या वर्षी रूथने जाहीर वादन सोडले. आठव्या वर्षी ज्याचा चमत्कार वाटतो, तेच पंधराव्या वर्षी पुरेसे वाटत नाही; शिवाय आत साठलेले कधीतरी बाहेर येणारच होते. तिने बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. विषय निवडला मानसशास्त्र. ह्या निवडीवर निराळे भाष्य नको. १९४४ साली, एकोणिसाव्या वर्षी, तिने तिथल्याच एका सहाध्यायाशी बापाला न जुमानता पळून जाऊन विवाह केला. बापाने शिवी देऊन तिला बजावले की माझ्यावाचून तू दोन सूरसुद्धा वाजवू शकणार नाहीस.

मारापेक्षा हे वाक्य अधिक काळ टिकणारे होते. गालावरचा वळ संध्याकाळपर्यंत जातो. पण ‘माझ्यावाचून तू काही नाहीस’ हे ज्याने पुन्हा पुन्हा ऐकले, ते मूल चाळिशीतही एखादी सही करताना मागे वळून पाहते. अशी माणसे शोधायला कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही. बोर्डाच्या परीक्षेत ९४ टक्के मिळवून घरी येणारा आणि उरलेल्या सहांचा जाब देणारा मुलगा आपल्याही गल्लीत असतो. त्याच्यावर कोणी हात उचललेला नसतो.

रूथने पुढे काही वर्षे संगीत शिकवले. तो विवाह टिकला नाही. १९५३ साली घटस्फोट झाला. परंतु त्याच सुमारास ती पियानोकडे परतली, ह्या वेळी स्वतःच्या पायांनी. नामवंत वाद्यवृंदांबरोबर दौरे झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९५७ साली तिने आपल्या बालपणाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘निषिद्ध बालपण’ अशा अर्थाचे त्याचे नाव. आईबापांविषयी उघड्यावर असे लिहिणे त्या काळी अमेरिकेतही सोपे नव्हते. घरातली गोष्ट घरात राहावी, हे सांगणारे तिथेही होतेच.

कोणी म्हणेल, पण त्या नऊ तासांमुळेच तर ती रूथ स्लेन्चिन्स्का झाली! हा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही, आणि प्रामाणिकपणे पाहता पूर्णपणे खोडताही येत नाही. तिच्या बोटांतील ताकद त्या सरावातूनच आली. मात्र त्याच सरावाने पंधराव्या वर्षी तिला पियानोपासून दूर लोटले, हेही त्याच खात्यात मांडावे लागते. ज्या वर्षांत ती परत येऊ शकली, त्या वर्षांत बाप तिच्या शेजारी बसलेला नव्हता. आणि अशाच चापटा खाऊन जी मुले कुठेच पोहोचली नाहीत, त्यांची पुस्तके कोणी छापलेली नाहीत.

१९६४पासून १९८७पर्यंत इलिनॉय राज्यातील एडवर्ड्सविल येथील विद्यापीठात तिने विद्यार्थ्यांना पियानो शिकवला. तेवीस वर्षे किती मुले तिच्या शेजारच्या बाकावर बसली असतील, चुकली असतील, पुन्हा वाजवू लागली असतील!

२०२२ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, तिची नवी ध्वनिमुद्रिका डेका कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्यात शोपँ होता, राख्मानिनॉफही होते. त्या वयातही ती रोज पियानोपुढे बसत असे, आणि गळ्यात राख्मानिनॉफांनी दिलेले ते इवलेसे अंडे असे.