उंच जिप्सी आणि पायथागोरसबाबा

दोस्तांनो, मारुती जिप्सी तुम्ही पाहिली आहे ना? १९८५ साली ती आपल्या रस्त्यांवर आली. पुढे लष्करात गेली, पोलिसांतही गेली. आता नवी मिळत नाही, पण हौशी मंडळी जुन्या जिप्सी जिवापाड सांभाळतात. त्यातली एखादी बघावी तर टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते! दगडधोंड्यांवर पोट घासू नये म्हणून मालकाने ती मुद्दाम उचलून घेतलेली असते. दिसते झकास, यात वादच नाही. पण गाडी उचलली की नुसती उंची वाढते असं थोडंच आहे? स्टिअरिंगचं सगळं गणितच बदलतं. कसं, ते आज पाहू.

आधी तुमची सायकल बाहेर काढा आणि बाजूने नीट बघा. हँडलचा दांडा सरळ उभा नसतो, वरच्या बाजूला मागे कललेला असतो. त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. टायर जिथे जमिनीला टेकतो, त्याच्या थोडी पुढेच ती टेकेल. म्हणजे टायर त्या रेघेच्या मागून येतो आणि मागून ओढलं जाणारं चाक आपोआप सरळ होतं. पटत नाही? मग सीट धरून सायकल मागे ढकला. हँडल लगेच गर्रकन फिरू पाहील.

मोटारीतही हीच युक्ती असते. पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरच्या बाजूला किंचित मागे कललेला असतो. या कलाला ‘कॅस्टर’ म्हणतात. तो जेमतेम दोन-चार अंशांचा असतो, पण वळण संपल्यावर स्टिअरिंग हातात आपसूक सरळ होतं ते मुख्यतः त्याच्यामुळेच.

जिप्सीची पुढची दोन चाकं एकाच कडक ॲक्सलला जोडलेली असतात आणि हा ॲक्सल दोन पाट्यांना बांधलेला असतो. (लीफ स्प्रिंगला गॅरेजात पाटाच म्हणतात, बरं का!) पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं असतं. पुढचं टोक ‘शॅकल’ नावाच्या छोट्या झुलत्या पट्टीला लटकवलेलं असतं. गाडी उचलायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हे शॅकल लांब करणं. मिस्त्री दुपारभरात काम करून देतो.

पण आता हिशेब करा. पाटा एक मीटर लांब धरू आणि शॅकलमुळे त्याचं पुढचं टोक ५ सेंटिमीटर खाली गेलं असं समजू. ॲक्सल पाट्याच्या मध्यावर, म्हणून गाडी उचलली जाणार निम्मीच, अडीच सेंटिमीटर. आणि पाटा पुढे किती कलला? जवळजवळ तीन अंश! त्याच्यासोबत ॲक्सलही पुढे कलला. कॅस्टर मुळात होता दोन-चार अंश. त्यातले तीन अडीच सेंटिमीटरच्या हौसेपायी गेले. आता वळण संपलं तरी स्टिअरिंग परत येत नाही. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, ड्रायव्हर सारखा तिला ओढून ताळ्यावर आणत बसतो. वेगात असताना हे फार धोक्याचं.

मग शॅकलला हात न लावता जास्त कमानीचे पाटे घालू, असं कोणी म्हणेल. हा मार्ग बरा. कॅस्टर बराचसा वाचतो. पण दुसरं एक दुखणं मागे लागतं.

स्टिअरिंग बॉक्स चासीवर बसलेला असतो. तिथून एक आडवी दांडी पलीकडच्या चाकाकडे जाते, ती ड्रॅग लिंक. हीच दांडी ढकलून नाहीतर ओढून चाकं वळवते. मूळ गाडीत ती जवळजवळ आडवी असते. गाडी उचलली की बॉक्स वर जातो, चाक मात्र जमिनीवरच राहतं आणि दांडी तिरपी होते. इथे आपले पायथागोरसबाबा मदतीला येतात. हिशेब सोपा जावा म्हणून दांडी ६० सेंटिमीटर धरू. ती आडवी असताना चाक ५ सेंटिमीटर खाली गेलं, तर तिचं टोक बाजूला सरकतं फक्त २ मिलिमीटर. तेच गाडी १० सेंटिमीटर उचललेली असताना चाक ५ सेंटिमीटर खड्ड्यात गेलं, तर टोक सरकतं जवळजवळ ११ मिलिमीटर, पाचपट! म्हणजे ड्रायव्हरने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं असलं तरी खड्डाच चाक वळवणार. एका बाजूला दरी असलेल्या घाटात हे नको रे बाबा.

यावर उपाय आहेत. झेड अक्षरासारखी वाकवलेली ड्रॅग लिंक मिळते, तिने दोन्ही टोकं पुन्हा एका पातळीजवळ येतात. कॅस्टर गेला असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर मारतात. पण पाचर मारून ॲक्सल मागे कलवला की त्याला जोडलेल्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकतो, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह लावल्यावर तो कुरकुरतो. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडणारं हे पांघरूण आहे! शिवाय चाक पूर्ण खाली लोंबकळलं तरी ब्रेकची नळी ताणता कामा नये, हेही पाहावं लागतं.

आईबाबांसाठी एक गोष्ट: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. तेव्हा मिस्त्रीकडे जाण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. दांडी ९० सेंटिमीटर लांब आहे, गाडी १० सेंटिमीटर उचलली आहे आणि चाक ५ सेंटिमीटर खड्ड्यात गेलं. टोक किती सरकेल? वर्गमूळ नीट काढलंत तर उत्तर ७ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं.