मेलेल्या नवऱ्याचे ठराव

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर रात्री जेवल्यावर वाचा, पण अर्धी वाचून मत देऊ नका.

आमच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव झाला त्या दिवशी मी हजर होतो. हात वर केला, टाळ्या वाजवल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी असा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, आणि मग गावोगाव ठराव झाले. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. चांगलं काम आहे, त्यावर माझा काही वाद नाही.

ठराव मंजूर झाला आणि मागच्या बाजूने एक म्हातारी उठली. आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन मासे विकलेली बाई. म्हणाली, "मेल्या घोवाचो ठराव झालो. आता जित्या घोवाचा काय ता सांगा."

सभा हसली. मीही हसलो. कोणीतरी म्हणालं, "आजये, तो विषय आज नाय." परत हशा झाला आणि सगळे चहाला उठले.

त्या हसण्याबद्दल मला लिहायचं आहे. कारण हसणाऱ्यांत मी होतो, आणि मला हसायचा काही अधिकार नव्हता.

माझी एक चुलतबहीण होती. लग्न होऊन देवगडच्या बाजूला गेली. तिसऱ्या वर्षी एकदा भरदुपारी एसटीतून उतरून एकटीच घरी आली, हातात पिशवी, आणि उकाड्यातसुद्धा पदर कोपरापर्यंत ओढलेला. दंड काळानिळा होता. आम्ही पुरुषमंडळी खळ्यात बसलो, बायका माजघरात. दोन तास चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. भांड्याक भांडा लागताच. पोरांकडे बघ. लोक काय म्हणतील. शेवटी काकीने तिची ओटी भरली आणि चार दिवसांनी तिला परत पोचवायला मला पाठवलं, कारण मी शिकलेला, चार शब्द बोलता येणारा. गाडीत ती एकदाच बोलली, "दादा, माका थंय नको धाडू रे." मी तिला कंडक्टरकडून सुटे पैसे येईपर्यंत गप्प राहायला सांगितलं. हे मला अजून आठवतं, कारण त्यानंतर ती खरंच गप्प राहिली.

सहा वर्षांनी विहिरीवर पाय घसरला असा निरोप आला. घसरला असेल. चौकशी झाली, कागद झाले, मी त्याहून जास्त काही बोलणार नाही, कारण मला माहीत नाही. पण बाराव्याला आमची सगळी भावकी मुंबईहून उतरली होती. एवढं रडणं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. जिला चार दिवसांपेक्षा जास्त ठेवून घ्यायला जागा नव्हती, तिच्या फोटोला भिंतीवर जागा झाली.

जागेचंही सांगतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती 2005 साली झाली. त्यानंतर आमच्याकडे काय झालं? बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेण्याची घाई झाली. तिनेही केली, आनंदाने केली, "भावांचां बरां होऊंदे" म्हणत केली. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे. माहेरी राहायचा तिचा कायदेशीर आधार आम्ही आधी काढून घेतला आणि मग तिला सांगितलं की बाय, तुझं घर ते.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी शाळेत असताना नावापुरती माहीत होती. 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात ती क्रमशः येत होती. गेल्या पावसात वाचनालयातून आणून पूर्ण वाचली. लहानपणी आई गमावलेली, पुढे नवरा गमावलेली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तिचं केशवपन, शंकरमामंजींचा दुष्टपणा, हे सगळ्यांना आठवतं. विधवांच्या दुःखाची कादंबरी असंच आपण तिच्याबद्दल बोलतो. पण यमूचा नवरा रघुनाथराव चांगला माणूस होता हो! त्याने तिला शिकवलं, माणूस म्हणून वागवलं. यमूची मैत्रीण दुर्गी मात्र उडाणटप्पू नवऱ्याच्या हाती सापडलेली. तिचं दुःख नवरा असण्याचं आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, यमूसाठी आपण ठराव केला, परिपत्रक काढलं, टाळ्या वाजवल्या. दुर्गी तशीच राहिली. ग्रामसभेत मागच्या बाजूने उठून ती म्हातारी दुर्गीबद्दलच विचारत होती.

ह्याचं कारण मला वाटतं साधं आहे. मेलेला नवरा ग्रामसभेला येत नाही. जिवंत नवरा पहिल्या रांगेत बसतो, पावतीपुस्तक त्याच्याकडे असतं, भजनात पखवाज तो वाजवतो, आणि आपल्याला त्याच्या पंगतीत जेवायचं असतं.

इथे लगेच दारूचा मुद्दा येणार. "तो तसो बरो, पण पियालो की..." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. दारूने भर पडते, नाकारत नाही. पण पिऊन घरी येताना तोच माणूस वाटेत भेटलेल्या सरपंचावर हात टाकत नाही, फौजदारावर तर नाहीच. नेमका बायकोपर्यंत पोचेस्तोवर थांबतो. म्हणजे कोणाला मारलं तर चालतं याचा हिशेब त्याला प्यायल्यावरही कळतो. नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अडिची यांची 'पर्पल हिबिस्कस' (2003) नावाची कादंबरी आहे. त्यातला बाप, युजीन, दारुडा नाही. गावाला सढळ हाताने मदत करणारा, देवधर्म पाळणारा, लष्करी सत्तेविरुद्ध छापायची हिंमत असलेल्या वर्तमानपत्राचा मालक. बाहेर त्याला लोक मान देतात आणि घरात तो बायकोमुलांना मारतो. मार खाल्ल्यावर बायको काय करते, तर कपाटातल्या चिनीमातीच्या छोट्या नर्तिका पुसत बसते. मी वाचताना थांबलो. आमची काकी असंच काही झालं की तांब्याची कळशी चिंचेने घासायला काढायची. आम्ही पोरं म्हणायचो, काकीला स्वच्छतेची भारी आवड.

दुसरा मुद्दा, खोट्या केसेस. होतात, काही होतात. खोट्या जमिनीच्या केसेस तर आपल्या जिल्ह्यात घरटी निघतील, म्हणून कोणी सातबारा बंद करा म्हणतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारातल्या एका बाईने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. चारातली एक. तुमच्या वाडीतली घरं मोजा.

तिसरा मुद्दा सर्वात आवडता: घरचो मामलो. 1887 साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी लावून दिलेलं ते लग्न त्यांना मान्य नव्हतं. तुरुंगात जाईन, पण जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. सगळा देश त्यावर बोलला, पुढच्या वर्षी प्रकरण पैशांवर मिटलं, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. तेव्हाही घरचाच मामला होता. माझ्या बहिणीला तेवढंही बोलायची सोय आम्ही ठेवली नाही. तिला पोचवायला न्यायालय लागलं नाही, चुलतभाऊ पुरला.

आणि कायदा नाही असं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथून हाकलता येत नाही. उलट न्यायाधीश नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न, असं कायद्यात लिहिलंय (प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे सांगतील). आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट: संरक्षण अधिकाऱ्याला माहिती त्या बाईनेच द्यायला हवी असं नाही. शेजारी देऊ शकतो. चांगल्या हेतूने दिली तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो ना, त्याऐवजी एक फोन.

आपण देवळात गाऱ्हाणं घालतो. गुराढोरांसाठी, मुंबईच्या चाकरमान्यांसाठी, समुद्रात गेलेल्या होड्यांसाठी, आणि सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. दशावतारात नवऱ्याने टाकलेली राणी रडायला लागली, आणि तो राणीचा वेश घेतलेला पुरुषच असतो, तरी आपले डोळे भरतात. खरीखुरी बाई दारात पिशवी घेऊन उभी राहिली की मात्र आपण तिच्या एसटीची वेळ बघतो.

मी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी विषय लेखी दिलाय. त्याआधीच्या महिला ग्रामसभेतही तो घ्या असं कळवलंय. मागणी एवढीच: मारहाणीमुळे माहेरी आलेल्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध परत पोचवायला या गावातला कोणी मध्यस्थ म्हणून जाणार नाही, असा ठराव. पंचायतीच्या फलकावर संरक्षण अधिकाऱ्याचा आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर. आणि हक्कसोड पत्रावर सही घेण्याआधी त्या मुलीला, भाऊ समोर नसताना, तिचा हक्क नेमका किती आहे ते कोणीतरी वाचून दाखवायचं.

अर्जावर आतापर्यंत चौदा सह्या झाल्यात. पहिला अंगठा त्या म्हातारीचा आहे. "घोव मेलो तेवा माझ्यो बांगड्यो फोडल्यानी," ती अंगठा पुसत म्हणाली, "पण त्येच्या आधी त्येनाच कितीदा फोडलेल्यान, ता कोणी इचारूक नाय." काकांनी अजून सही केलेली नाही. कागद बघतो म्हणाले, चष्मा शोधत राहिले. रविवारी परत जाणार आहे.